पान्ह्याचा रेणू मेंदूत

उत्साही : ऑक्सिटोसिनची जुनी ओळख सगळ्यांना मान्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. 1906 मध्ये लंडनमध्ये हेन्री डेल अर्गट या बुरशीजन्य औषधावर प्रयोग करत होते. त्याच कामात त्यांना दिसलं की पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क दिला की मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. चार वर्षांनी ऑट आणि स्कॉट यांनी शेळीवर दाखवलं की अशाच अर्काने दूधही उतरतं. 1953 मध्ये अमेरिकेत विन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी त्या अर्कातल्या रेणूची रचना उलगडली आणि तो प्रयोगशाळेत तयारही केला. नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. त्यांना 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज कुठल्याही प्रसूतिगृहात कळा वाढवायला सलाइनमधून जे औषध सोडतात, आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून जे इंजेक्शन देतात, ते हेच. इथपर्यंत हा रेणू सरळसरळ हार्मोन आहे. ग्रंथीतून रक्तात येतो, रक्ताबरोबर शरीरभर फिरतो आणि गर्भाशय व स्तन या दोन ठिकाणी काम करतो. पण ही गोष्ट इथे संपत नाही. हाच रेणू मेंदूच्या आत एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेतो, आणि तिथे त्याचा संबंध दुधाशी कमी, भीतीशी, ओळखीशी, पिल्लाला जवळ घेण्याशी जास्त असतो. शरीराने एकच रेणू दोन कामांना लावलेला आहे आणि त्यातलं दुसरं काम न्यूरोट्रान्समीटरचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

साशंक : पहिल्या भागाबद्दल वाद नाही. हरकत आहे ती न्यूरोट्रान्समीटर या शब्दाला, कारण तो शब्द फुकट मिळत नाही. एखाद्या द्रव्याला तो लावायचा तर काही कसोट्या आहेत. ते द्रव्य चेतापेशीतच तयार व्हावं, तंतूच्या टोकाशी साठवलेलं असावं, पेशी उत्तेजित झाली की तिथून सुटावं, समोरच्या पेशीवर ठरावीक परिणाम करावा, बाहेरून दिलं तरी तोच परिणाम दिसावा, आणि काम झाल्यावर ते चटकन दूर करण्याची सोय असावी. योगायोग पाहा, या कसोट्यांची परंपराही त्याच डेल यांच्याशी जोडलेली आहे. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं की मज्जातंतू रासायनिक द्रव्य सोडतो. पुढे डेल आणि लोवी यांना 1936 चं नोबेल मिळालं ते मज्जातंतूंच्या रासायनिक निरोपाच्या शोधासाठी. ते द्रव्य होतं ॲसिटिलकोलीन. दोन चेतापेशींच्या जोडणीतल्या, म्हणजे सिनॅप्सच्या, सूक्ष्म फटीत ते सुटतं, मिलिसेकंदांत काम करतं आणि तिथलं एन्झाइम लगेच त्याचे तुकडे करतं. म्हणजे कानात एक शब्द सांगणं आणि तो दुसऱ्या कोणाला ऐकू जाण्याआधी विरून जाणं. हार्मोनचं काम याच्या उलट, गावभर दवंडी पिटण्याचं. आता तुमच्या ऑक्सिटोसिनकडे या. ते फटीतून मोजकं सुटत नाही. शोषून परत घेणारा पंप नाही. पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर ते बसतं तो सेकंदांत, कधी मिनिटांत परिणाम दाखवणारा आहे. याला कानातलं बोलणं कसं म्हणणार? रक्तातलं हार्मोन आणि मेंदूतला ट्रान्समीटर एकच असू शकतो हे मला मान्य आहे. नॉरॲड्रेनालिन तसंच आहे. ॲड्रिनल ग्रंथी ते रक्तात सोडते. 1946 मध्ये उल्फ फॉन ऑयलर यांनी ते सिंपथेटिक मज्जातंतूंचा ट्रान्समीटर असल्याचं दाखवलं, आणि 1954 मध्ये मार्थे फोग्ट यांनी मेंदूच्या निरनिराळ्या भागांत ते किती आहे हे मोजून दाखवलं. नॉरॲड्रेनालिनने तो शब्द कमावला. ऑक्सिटोसिनला तो उसना दिला जातोय, असं मला वाटतं.

उत्साही : तुमची कसोटी ॲसिटिलकोलीनच्या मापाने बेतलेली आहे. पण मेंदूत रसायनांची संभाषणं एकाच पद्धतीने चालत नाहीत. आधी एक गोष्ट मान्य करा. ऑक्सिटोसिन पिट्युटरीत तयारच होत नाही. ते तयार होतं मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या चेतापेशींत, सुप्राऑप्टिक आणि पॅराव्हेंट्रिक्युलर या दोन केंद्रांत. त्या पेशींचे लांब तंतू खाली पिट्युटरीच्या मागच्या भागात उतरतात आणि तिथे रक्तात ऑक्सिटोसिन सोडतात. 1928 मध्ये जर्मनीत अर्न्स्ट शारर यांनी माशाच्या मेंदूत ग्रंथीसारखे स्रावाचे थेंब धरून असलेल्या चेतापेशी पाहिल्या तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. चेतापेशी म्हणजे विजेचा संदेश वाहणारी तार, ती स्राव कसा करेल? पुढे पत्नी बेर्टा यांच्याबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं निरनिराळ्या प्राण्यांत हेच दाखवलं आणि न्यूरोसिक्रिशन ही कल्पना रुजली. म्हणजे हा रेणू मुळातच चेतापेशीचा आहे, ती पेशी उत्तेजित झाल्यावर सुटतो आणि त्यासाठी कॅल्शियम लागतं. तुमच्या पहिल्या तीन अटी इथेच पुऱ्या होतात.

पुढचं याहून महत्त्वाचं. याच पेशींचे काही तंतू खाली न जाता मेंदूतच इतर भागांत शिरतात. 2012 मध्ये हायडेलबर्गच्या ग्रिनेव्हिच यांच्या गटाने उंदरांमध्ये त्यातले अमिग्डाला या भीतीशी संबंधित भागात जाणारे तंतू नेमके हेरले आणि प्रकाशाने फक्त तेवढेच चेतवले. भीतीने जागच्या जागी गोठलेले उंदीर हलायला लागले. रक्तात काही सोडलं नव्हतं, नाकात फवारा मारला नव्हता. हायपोथॅलॅमसमधून निघालेला तंतू, अमिग्डालातलं त्याचं टोक, तिथे सुटलेला रेणू आणि तिथल्या पेशीवर झालेला परिणाम, सगळी साखळी हातात होती. याला निरोप म्हणायचं नाही तर काय? 2016 मध्ये याच मंडळींनी आणखी एक गोष्ट दाखवली: उंदराच्या मेंदूत जेमतेम तीसेक छोट्या ऑक्सिटोसिन पेशींचा एक गट आहे, जो मोठ्या ऑक्सिटोसिन पेशींनाही चालना देतो आणि पाठीच्या कण्यातल्या वेदनेच्या पेशींपर्यंतही पोचतो. तीस पेशी. ही दवंडी नव्हे.

साशंक : तीस पेशींचा तुमचा दाखला मला हवा तितका बोलका आहे, पण दुसऱ्या बाजूने. त्याच मोठ्या पेशींचं एरवीचं वागणं पाहा. ज्या पुड्यांत त्या ऑक्सिटोसिन साठवतात त्या मोठ्या असतात. एकेका पुडीत ऑक्सिटोसिनचे सुमारे 85,000 रेणू भरलेले असतात, आणि पिट्युटरीतल्या टोकांखेरीज त्यांचा मोठा साठा पेशीच्या फांद्यांमध्ये, डेंड्राइटमध्येही असतो. तिथूनही त्या सुटतात. सिनॅप्स नाही, समोर ठरलेली पेशी नाही. रेणू आजूबाजूच्या पेशींमधल्या द्रवात पसरतो आणि जिथे रिसेप्टर असेल तिथे बसतो. इतकंच नाही, या फांद्यांमधलं सुटणं आणि पिट्युटरीत होणारं सुटणं नेहमी एकत्र घडतही नाही. काही रासायनिक संकेत फांद्यांमधून ऑक्सिटोसिन सोडतात, पण रक्तात काहीच जात नाही. मग हे कानातलं बोलणं नाही आणि गावची दवंडीही नाही.

उत्साही : वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारण्यासारखं आहे, असं म्हणा. पूर्ण वाड्याला ऐकू जातं, पण ओ देतो तो ज्याला हाक ओळखीची आहे तोच. आणि त्या हाकेचं महत्त्व कमी लेखू नका, कारण पान्हा फुटतो तो याच हाकेमुळे. उंदरीची पिल्लं सतत स्तनाला लागलेली असतात, तरी दूध सतत येत नाही. काही मिनिटांच्या अंतराने तिच्या मेंदूतल्या ऑक्सिटोसिन पेशी, त्या दोन्ही बाजूंच्या केंद्रांत विखुरलेल्या असूनही, एकाच क्षणी काही सेकंद झपाट्याने संदेश सोडतात. त्या झपाट्यात रक्तात ऑक्सिटोसिनची लाट जाते आणि दूध उतरतं. हजारो पेशी एका ठोक्यावर कशा येतात? स्ट्रासबर्गमधल्या संशोधकांनी मेंदूच्या पोकळीत अगदी थोडं ऑक्सिटोसिन दिलं तेव्हा हे झपाटे जास्त जोरात आणि लवकर लवकर यायला लागले. उलट ऑक्सिटोसिन अडवणारं द्रव्य दिलं तर ते मंदावले. म्हणजे या पेशी स्वतःच्याच फांद्यांतून सोडलेल्या ऑक्सिटोसिनने एकमेकींना जागं करतात. रक्तात जाणारा हार्मोन वेळेवर सुटावा म्हणून तोच रेणू मेंदूत आधी निरोप म्हणून वापरला जातो. मला या विषयात याहून सुंदर काही दिसलेलं नाही. हार्मोन आणि ट्रान्समीटर अशी दोन खाती तुम्ही केलीत, पण ही पेशी एकाच कामात दोन्ही खाती चालवते.

साशंक : पान्ह्यापुरतं मी हे मान्य करतो, आणि मोकळेपणाने करतो. पण पान्ह्यापासून मायेपर्यंतची उडी लोक ज्या सहजतेने मारतात तिथे मी थांबतो. आपल्याकडे म्हशीच्या गोठ्यात काय घडतं ते आठवा. म्हशीच्या कासेत बहुतेक दूध बारीक दुग्धकोशांमध्येच अडून असतं, त्यामुळे पान्हा फुटल्याशिवाय ते हाती लागत नाही. म्हणून धारेआधी पारडू सोडायचं, ते ढुशा देतं, म्हैस पान्हावते. अनोळखी माणूस किंवा अनोळखी जागा असली तर ती पान्हा चोरते. तेव्हा मेंदूतून रक्तात ऑक्सिटोसिन सोडणंच अडतं. शहरातल्या काही तबेल्यांत मग पारडं राखायचा खर्च वाचवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मारतात आणि दूध काढून घेतात. भ्यालेली, पारडू गमावलेली म्हैस दूध देते. तिची भीती गेली का? तिची धारेवाल्यावर माया जडली का? कास आकुंचन पावली, एवढंच घडलं. रक्तातल्या ऑक्सिटोसिनचं काम रक्ताला जोडलेल्या अवयवांवर होतं. रक्त आणि मेंदू यांच्यात जो अडसर आहे तो हा रेणू जवळजवळ ओलांडत नाही, आणि रक्तात त्याचं आयुष्यही काही मिनिटांचंच असतं. गरोदरपणात तर वारेतून आलेलं एन्झाइम त्याचे तुकडे करत असतं. म्हणून जेव्हा कोणी सांगतं की मिठी मारल्यावर रक्तातलं ऑक्सिटोसिन वाढलं आणि म्हणून प्रेम वाटलं, तेव्हा माझा प्रश्न असतो: रक्तातलं वाढलेलं आत पोचलं कसं?

उत्साही : म्हशीचा दाखला माझ्या बाजूचाही आहे. तिच्या शरीरात बाहेरून भरपूर ऑक्सिटोसिन घातलं तरी माया येत नाही, कारण ते योग्य जागी पोचत नाही. आता योग्य जागी पोचवल्यावर काय होतं ते पाहा. 1979 मध्ये उत्तर कॅरोलायनात पेडरसन आणि प्रँज यांनी कधीच न व्यालेल्या उंदरिणींच्या मेंदूच्या पोकळीत ऑक्सिटोसिन दिलं. एरवी अशा माद्या अनोळखी पिल्लांना टाळतात. या माद्यांनी पिल्लं गोळा केली, चाटली, घरटं केलं, अंगाखाली घेतलं. पुढे केंब्रिजजवळच्या बाब्राहॅममध्ये केंड्रिक आणि केव्हर्न यांनी मेंढ्यांवर काम केलं. मेंढीचा प्रश्न आपल्या धनगरांनाही ठाऊक आहे. व्याल्यानंतर थोड्याच वेळात ती आपल्या कोकराचा वास धरते आणि मग परक्या कोकराला शिंगावर घेते, अंगाशी येऊ देत नाही. मेंदूत ऑक्सिटोसिन दिल्यावर न व्यालेल्या मेंढ्या थोड्याच वेळात परक्या कोकरांना जवळ घ्यायला लागल्या. आणि बाळंतपणाच्या वेळी कमरेत भूल देऊन जननमार्गाची संवेदना थांबवली तर मातृत्वाचं वागणंच मंदावतं. म्हणजे विताना जननमार्ग ताणला जातो, त्या संवेदनेने मेंदूच्या आत ऑक्सिटोसिन सुटतं आणि तिथून पुढचं वागणं बदलतं, असा तो रस्ता आहे.

साशंक : या दोन्ही प्रयोगांतली एक अट तुम्ही पटकन ओलांडलीत. पेडरसन यांच्या उंदरिणी असोत की केंड्रिक यांच्या मेंढ्या, त्यांना आधी इस्ट्रोजेन देऊन तयार केलेलं होतं. त्या तयारीशिवाय ऑक्सिटोसिनचा हा प्रभाव दिसत नाही. मग माया कोणाची? इस्ट्रोजेनची, ऑक्सिटोसिनची, की त्या वेळी त्या पेशीवर रिसेप्टर किती उगवले आहेत याची?

उत्साही : तिसऱ्याची, असं मी म्हणेन. माझा सगळा भर तिथेच आहे. रेणू तोच असतो. ऐकणारी पेशी कुठली आणि ती ऐकायला तयार आहे का, यावर अर्थ ठरतो. इस्ट्रोजेन रिसेप्टर वाढवतं, म्हणजे पेशींना ऐकण्याच्या तयारीत आणतं. 2015 मध्ये न्यू यॉर्कमध्ये बियांका मार्लिन आणि रॉबर्ट फ्रॉमकी यांनी आणखी नेमकं दाखवलं. घरट्यातून दूर पडलेलं उंदराचं पिल्लू माणसाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत ओरडतं. आई धावत जाऊन त्याला उचलून आणते, न व्यालेली मादी दुर्लक्ष करते. मार्लिन यांनी न व्यालेल्या माद्यांच्या डाव्या श्रवणकेंद्रात ऑक्सिटोसिन पोचवलं. डाव्या बाजूला या रिसेप्टरचं प्रमाण जास्त असतं. त्या माद्या लवकरच पिल्लं आणायला शिकल्या आणि त्यांच्या श्रवणकेंद्रातल्या पेशी त्या हाकेला आईच्या पेशींसारखा प्रतिसाद द्यायला लागल्या. इथे ऑक्सिटोसिनने माया ओतली असं मी म्हणत नाही. त्याने एका विशिष्ट आवाजाचं मेंदूतलं वजन बदललं. माया हा फार मोठा शब्द आहे. आवाजाचं वजन हे तपासता येण्यासारखं वाक्य आहे.

साशंक : हे वाक्य मला आवडलं. एवढंच वाक्य लोकांपर्यंत पोचलं असतं तर मी इतकं बोललो नसतो. पण आता माझी सगळ्यात गंभीर शंका ऐका. एखादा पदार्थ मेंदूत घातल्यावर परिणाम होतो, यावरून एवढंच कळतं की तो पदार्थ तसं करू शकतो. रोज तोच ते करतो का हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी तो काढून पाहावा लागतो. आणि काढून पाहिल्यावर काय दिसलं? 1996 मध्ये ऑक्सिटोसिनचं जनुकच नसलेले उंदीर तयार केले गेले. माद्या व्याल्या, व्यवस्थित व्याल्या. पिल्लांना जवळही घेतलं. फक्त दूध उतरलं नाही. पिल्लांच्या पोटात दूधच नव्हतं, ऑक्सिटोसिन टोचल्यावर ते आलं. बाळंतपण आणि माया, ज्या दोन गोष्टींसाठी हा रेणू ओळखला जातो, त्या दोन्ही त्याच्याशिवाय निभावल्या. अडला तो फक्त पान्हा.

त्यानंतर प्रेअरी व्होलची गोष्ट. अमेरिकेच्या गवताळ भागातला हा छोटा कृंतक प्राणी जन्मभर जोडी टिकवतो म्हणून प्रसिद्ध. 1992 मध्ये थॉमस इन्सेल यांनी जोडी बांधणाऱ्या आणि न बांधणाऱ्या व्होल जातींच्या मेंदूंत ऑक्सिटोसिन रिसेप्टरची मांडणी वेगळी असल्याचं दाखवलं. नंतर रिसेप्टर अडवणारी औषधं देऊन जोडी बांधणं थांबवताही आलं. तीस वर्षं पाठ्यपुस्तकांत ऑक्सिटोसिन म्हणजे जोडीचा रेणू असंच लिहिलं गेलं. मग 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी जनुकं कापण्याच्या क्रिस्पर तंत्राने हा रिसेप्टरच नसलेले व्होल तयार केले. त्यांनी जोडीदार निवडला, त्याला इतरांपेक्षा जवळ ठेवलं, पिल्लं वाढवली. ज्या दाराने हा निरोप आत येतो ते दारच नव्हतं, तरी घर चालू होतं. यापुढे कशाच्या आधारावर म्हणायचं की निरोप गरजेचा होता?

उत्साही : हा धक्का मोठा होता, मी तो लपवणार नाही. पण त्याचा अर्थ लावताना घाई नको. जन्मापासून जे नाही त्याची भरपाई वाढता मेंदू करू शकतो. ऑक्सिटोसिनचा भाऊबंद व्हॅसोप्रेसिन, नऊपैकी फक्त दोन अमिनो आम्लांनी वेगळा, तो काही कामं उचलू शकतो. प्रौढ प्राण्यात औषधाने अचानक रिसेप्टर अडवला तर जोडी बांधणं थांबतं आणि जन्मापासून रिसेप्टर नसेल तर थांबत नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. शिवाय त्या 2023 च्या व्होल माद्यांची सगळी पिल्लं काही नीट वाढली नाहीत. दूध तुटेपर्यंत कमी जगली आणि जगली ती वजनाने कमी होती. आणि जनुक काढलेल्या उंदरांबद्दल तुम्ही अर्धंच सांगितलंत. 2000 साली फर्ग्युसन, लॅरी यंग आणि इन्सेल यांना त्या उंदरांत एक विचित्र उणीव सापडली. आधी भेटलेला उंदीर पुन्हा समोर आला की साधा उंदीर त्याला थोडंसंच हुंगतो, ओळख पटलेली असते. ऑक्सिटोसिन नसलेला उंदीर प्रत्येक वेळी पहिल्यांदा भेटल्यासारखा हुंगत राहतो. त्याचं नाक शाबूत आहे, इतर वास लक्षात राहतात, ओळख राहत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी अमिग्डालाच्या मधल्या भागात, पहिल्या भेटीच्या आधी, थोडंसं ऑक्सिटोसिन दिलं आणि ओळख राहायला लागली. भेटीनंतर दिलं तर उपयोग नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, काढल्यावर जाणारी आणि परत दिल्यावर येणारी एकच क्षमता. तुम्ही मागितलेला काढून पाहण्याचा पुरावा हाच आहे.

साशंक : ओळखीच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे, हे नोंदवून ठेवतो. म्हणजे आता आपलं मतभेदाचं क्षेत्र आकसलं. पान्हा आणि ओळख यांत हा रेणू निरोपाचं काम नक्की करतो. जोडी आणि मातृत्व यांत तो मदत करतो, पण त्याच्यावाचून अडतंच असं नाही. आणि माणसाच्या मनाबद्दल? तिथे आपण अंदाजावर उभे आहोत, आणि त्याची किंमत लोक मोजतात. 2005 मध्ये झुरिकच्या एका प्रयोगाने जग हलवलं. नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा घेतलेल्या पुरुषांनी अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकून त्याच्याकडे जास्त पैसे सोपवले. विश्वासाचा रेणू सापडला म्हणून बातम्या आल्या. 2020 मध्ये त्याची कडक पुनरावृत्ती झाली, आधी पद्धत नोंदवून, 677 जणांवर, आणि मूळ संशोधकांपैकी अर्न्स्ट फेर स्वतः तिच्यात होते. विश्वास वाढल्याचा मूळ परिणाम दिसला नाही. 2021 मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेल्या 3 ते 17 वयाच्या 290 मुलांना 24 आठवडे रोज फवारा देऊन पाहिलं. सामाजिक वागण्यात नकली फवाऱ्यापेक्षा जास्त फरक आढळला नाही. दरम्यान किती आईबापांनी आशेने ते फवारे विकत घेतले असतील? अशा आशेशी खेळणं मला सहन होत नाही.

आपल्या देशातही उलट्या दिशेने हेच झालं. जनावरांवर गैरवापर होतो म्हणून 2018 मध्ये केंद्र सरकारने देशांतर्गत वापरासाठीचं उत्पादन एकाच सरकारी कंपनीकडे ठेवून खासगी उत्पादन बंद करायचं ठरवलं. प्रसूतिरोगतज्ज्ञ आणि आरोग्य कार्यकर्ते हबकले, कारण बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला हे औषध दर तालुक्याच्या दवाखान्यात, थंड साठवणीत, हाताशी लागतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. गोठ्यातलं, प्रसूतिगृहातलं आणि मेंदूतलं ऑक्सिटोसिन ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत. नाव एक म्हणून त्यांचा न्याय एकत्र करता येत नाही.

उत्साही : फवाऱ्यांच्या बाजारात माझी बाजू नाही. पण फवारा फसला म्हणून निरोपच खोटा ठरवू नका. फवाऱ्यातलं किती आणि कुठे पोचतं हा वेगळा प्रश्न आहे. 2020 मध्ये माकडांना खुणेचे अणू लावलेलं ऑक्सिटोसिन नाकातून दिलं तेव्हा ते मेंदूच्या काही भागांत सापडलं, म्हणजे थोडं पोचतं. जपानच्या कानाझावातल्या संशोधकांनी 2019 मध्ये उंदरांत असंही दाखवलं की रक्तवाहिन्यांच्या अस्तरातलं रेज नावाचं प्रथिन रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत वाहून नेतं. तुमचा अडसर तुम्ही समजता तितका बंद नसेल. पण मेंदूभर थोडं थोडं पसरवणं आणि अमिग्डालाच्या मधल्या भागात भेटीआधी पोचवणं, यांत फरक आहेच. चौकातली हाक गावाच्या वेशीवरून मारली तर ती हाक राहत नाही. म्हणून माझा आग्रह असा की पुढची औषधं रेणू भरून देणारी नसावीत. मेंदूच्या स्वतःच्या पेशींनी योग्य वेळी ऑक्सिटोसिन सोडावं अशी असावीत.

साशंक : त्या आग्रहाला माझी हरकत नाही, पण त्याची परीक्षा कशी घेणार? उंदराच्या मेंदूत आता ऑक्सिटोसिन सुटलं की चमकणारी प्रथिनं बसवून ते डोळ्यांनी पाहता येतं. माणसाच्या जिवंत मेंदूत ते कुठे आणि कधी सुटलं हे पाहण्याची पद्धत नाही. आपण मोजतो ते रक्तात, लाळेत किंवा फार तर पाठीच्या कण्यातल्या द्रवात. विश्रांतीच्या अवस्थेत रक्तातलं प्रमाण आणि त्या द्रवातलं प्रमाण यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. ताणाखाली बसतो, कारण तेव्हा दोन्हीकडे एकदम सुटतं. म्हणजे तुमचा ट्रान्समीटर मी आता नाकारत नाही. उंदराच्या अमिग्डालात, उंदरीच्या हायपोथॅलॅमसमध्ये तो मला दिसतो. माणसात तो असणार असं मलाही वाटतं. वाटणं आणि दाखवणं यांत अजून अंतर आहे, आणि ते अंतर औषधाच्या दुकानात भरून निघणार नाही.

उत्साही : तिथे मी तुमच्या शेजारी उभा आहे. म्हणून ज्यांच्या घरात ऑटिझमचं मूल आहे किंवा बाळंतपणानंतर मन खचलेली बाई आहे, त्यांना माझी विनंती आहे. ऑक्सिटोसिनचा फवारा कोणी सुचवला तर तो किती एककांचा आहे हे नंतर विचारा. आधी विचारा की या आजारात, या वयात, नकली फवाऱ्याशी तुलना करून तो उपयोगी पडल्याचं कुठे सिद्ध झालं आहे. उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका.